रॅकेटीचा जोर आणि रॅकेटीची माफी

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अलीकडे ठिकठिकाणी ज्या काचेच्या भिंतींच्या उंच पेट्या उभ्या राहिल्या आहेत, संध्याकाळी दिवे लागले म्हणजे ज्यांच्या आत चार माणसे एका चेंडूमागे धावताना रस्त्यावरून दिसतात, आणि ज्यांच्या जवळून जाताना टेनिसच्या आवाजाहून बोजड असा ठक्‌ठक् नाद कानी पडतो, त्या पेट्यांत चालणाऱ्या खेळाचे नाव पॅडल. हे नाव ऐकून सायकलचे पायडल आठवणारे गृहस्थ मला अजून भेटतात, आणि त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही; कारण आयुष्याची बरीच वर्षे टेनिस शिकवण्यात घालवून मी स्वतः या पेटीत प्रथम पाऊल टाकले, तेव्हा माझे ज्ञानही त्याहून फारसे पुढे गेलेले नव्हते. आज मला बोलायचे आहे ते या खेळाच्या एकाच साधनाविषयी, म्हणजे रॅकेटीविषयी, आणि त्यातही एकाच प्रश्नाविषयी. दुकानदार आपल्यापुढे दोन रॅकेटी ठेवतो, एक जोराची, दुसरी चुका सांभाळून घेणारी, आणि ‘साहेब, यातली कोणती बांधू?’ असे विचारतो, तेव्हा उत्तर काय द्यावे, हा तो प्रश्न.

खेळाची जन्मकथा थोडक्यात सांगतो, कारण निम्मे उत्तर तिच्यात आहे. १९६९ साली मेक्सिकोतील अकापुल्को या समुद्रकाठच्या गावी एन्रिके कोर्कुएरा नावाच्या एका धनिकाने आपल्या घराच्या आवारात खेळासाठी जागा आखली. ती टेनिसला पुरेशी नव्हती आणि तिच्याभोवती भिंती होत्या, म्हणून त्याने भिंतींनाच खेळात सामील करून घेतले. १९७४ मध्ये त्याचा स्नेही आल्फोन्सो दे होहेनलोहे याने हा खेळ स्पेनमध्ये मार्बेया येथे नेला, लवकरच तो अर्जेंटिनात पोहोचला, आणि या दोन देशांनी त्याचे असे संगोपन केले की आज त्याची बहुतेक परिभाषा स्पॅनिश आहे. रॅकेटीला ते लोक ‘पाला’ म्हणतात. आपल्या झाडपाल्याशी त्याचे नाते नाही. त्यांच्या भाषेत पाला म्हणजे फावडे, आणि तारा नसलेली, जाड, भोके पाडलेली ती आखूड वस्तू हातात घेतली की हे नाव कसे पडले असेल याचा खुलासा मागावा लागत नाही.

आता मैदान डोळ्यांपुढे आणा. लांबी २० मीटर, रुंदी १० मीटर, मध्ये जाळे, त्याची मधली उंची ८८ सेंटिमीटर. मागच्या बाजूला तीन मीटर उंचीपर्यंत काच किंवा भिंत आणि तिच्यावर आणखी एक मीटर लोखंडी जाळी. नियम असा की आपण मारलेला चेंडू प्रतिपक्षाच्या अंगणात आधी जमिनीवर पडला पाहिजे. टप्पा न घेता तो थेट काचेवर आदळला तर गुण प्रतिपक्षाचा. टप्पा घेऊन मग काचेवर गेला तर खेळ चालू राहतो, आणि काचेवरून परत येणारा चेंडू प्रतिपक्षाला आरामात मारता येतो. टेनिसमध्ये सणसणीत फटका मारला की चेंडू प्रतिस्पर्ध्याला मागे टाकून निघून जातो आणि तिथे हिशेब संपतो. पॅडलमध्ये तो निघून जाणार कोठे? मागे काच आहे. जितका जोरात जाईल तितका जोरात परत येईल, आणि बहुधा कमरेइतक्या सोयीच्या उंचीवर येऊन थांबल्यासारखा होईल. या खेळात अर्ध्या जोराने, पण नेमका कोपऱ्यात टाकलेला चेंडू पूर्ण जोराच्या चेंडूपेक्षा अधिक त्रासदायक असतो, हे टेनिसवरून आलेल्या माणसाच्या पचनी पडायला वेळ लागतो. मला वर्ष लागले.

एवढी प्रस्तावना केल्यावर जोर आणि माफी या दोन शब्दांचा नेमका अर्थ पाहू. बळ आणि क्षमा यांच्या परस्परसंबंधाविषयी आपल्या सुभाषितकारांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. पण त्यांच्यापैकी कोणाला रॅकेट विकत घ्यावी लागली नव्हती, म्हणून आपण त्यांना बाजूला ठेवू. रॅकेटीच्या पृष्ठभागावर एक जागा अशी असते की तेथे चेंडू लागला म्हणजे हाताला धक्का बसत नाही, रॅकेट मुठीत वळत नाही आणि चेंडू भरघोस वेगाने सुटतो. क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला बॅटीवरची ही जागा ठाऊक आहे, आणि थंडीच्या सकाळी तिच्याबाहेर चेंडू लागला असता बोटांना ज्या झिणझिण्या येतात त्याही ठाऊक आहेत. खेळाडू तिला स्वीट स्पॉट म्हणतात. मी तिला मर्म म्हणेन. मर्मावर लागलेल्या फटक्याला रॅकेट किती वेग देते, हा तिचा जोर. आणि मर्म चुकलेल्या फटक्यातून ती किती वाचवून देते, ही तिची माफी.

जुन्या जमाबंदीच्या कारभारात पिकाची आणेवारी ठरवून सारा वसुलीला सूट किंवा तहकुबी देण्याची पद्धत होती, हे ज्यांचा शेतीशी संबंध आला त्यांना सांगायला नको. तीच भाषा येथे वापरतो. मर्मावर लागलेला फटका सोळा आणे धरला, तर दोन बोटे बाजूला लागलेला फटका माफीच्या रॅकेटीत बारा आण्यांचा निघतो आणि जोराच्या रॅकेटीत सहा आण्यांचा. हे आकडे मोजून काढलेले नाहीत, समजुतीसाठी घेतलेले आहेत. परंतु प्रमाणाची कल्पना त्यांवरून येईल. बारा आण्यांचा चेंडू जाळ्यापलीकडे जाऊन पडतो, भले थोडा आखूड. सहा आण्यांचा चेंडू जाळ्याच्या पोटात जातो आणि जोडीदार आपल्याकडे न बघता आपल्या जागी परततो.

ही माफी मुळात आली कोठून, याची हकिकत मनोरंजक आहे. अमेरिकेत हॉवर्ड हेड नावाचा एक विमानविद्येतला अभियंता होता, धातूच्या स्की बनवून त्याने कीर्ती आणि पैसा दोन्ही मिळवले, आणि उतारवयात तो टेनिस शिकू लागला. टेनिस त्याला काही केल्या येईना. चेंडू मध्य चुकून लागला की रॅकेट हातात फिरते, हा आपला दोष आहे असे मानून दुसऱ्या कोणी सराव वाढवला असता. या गृहस्थाने दोष रॅकेटीवर ढकलला, आणि तो बरोबर होता. वस्तूचे वजन तिच्या मध्यरेषेपासून जितके दूर नेऊन ठेवावे तितकी ती फिरायला नाखूश होते, आणि ही नाखुशी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, या पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक नियमावरून त्याने सुमारे ७० चौरस इंचांच्या लाकडी रॅकेटीच्या जागी ११० चौरस इंचांची रुंद रॅकेट काढली. १९७६ साली ती प्रिन्स या नावाने बाजारात आली तेव्हा ती म्हाताऱ्यांची रॅकेट म्हणून तिची टिंगल झाली; पण दोनच वर्षांनी सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर तीच हातात घेऊन अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत जाऊन पोहोचली, आणि टिंगल करणाऱ्यांनी हळूच आपापल्या रॅकेटी बदलल्या.

पॅडलमध्ये हा मार्ग बंद आहे. नियमाप्रमाणे रॅकेटीची लांबी ४५.५ सेंटिमीटर, रुंदी २६ सेंटिमीटर आणि जाडी ३८ मिलिमीटर, याच्या पलीकडे कोणत्याही कारखानदाराला जाता येत नाही, आणि जवळजवळ सर्व कारखानदार या मर्यादेच्या अगदी काठावर येऊन उभे आहेत. कायद्याने सर्वांचे वाडे एकाच मापाचे ठरवून दिल्यावर फरक उरतो तो एवढाच, की वाड्यात सामान कोठे मांडले आहे. म्हणून पॅडलच्या रॅकेटीची निवड म्हणजे मुख्यत्वे वजन कोठे आहे याची निवड होय.

आकार तीन. पहिला गोल. त्याचे मर्म मध्यावर, किंचित मुठीकडे झुकलेले आणि ऐसपैस, वजन हाताजवळ. दुसरा शंकरपाळ्यासारखा, म्हणजे वर रुंद खांदे असलेला. त्याचे मर्म टोकाकडे आणि लहान, वजनही टोकाकडे. तिसरा पाण्याच्या थेंबासारखा, दोहोंच्या मधला. शंकरपाळ्याचा जोर कोठून येतो हे हातोड्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. हातोडा दांड्याशी धरून खिळा ठोका आणि मग तोच उलटा, लोखंडाशी धरून ठोका. वजन तेच, पण पहिल्या वेळी खिळा आत जातो आणि दुसऱ्या वेळी जात नाही. रॅकेट फिरवताना मुठीपासून ४० सेंटिमीटरवर असलेले दहा ग्रॅम हे २० सेंटिमीटरवर असलेल्या दहा ग्रॅमांच्या चौपट जड भासतात. हे चौपट वजन आपण वेगाने फिरवू शकलो तर चेंडूवर आघातही जड होतो. आणि फिरवू शकलो नाही तर रॅकेट उशिरा पोहोचते, उशिरा पोहोचलेल्या रॅकेटीवर चेंडू मर्म सोडून लागतो, आणि मर्म तर आधीच लहान. ही रॅकेट कसूर जास्त करायला लावते आणि माफी कमी देते, हे तिचे खरे वर्णन. दुकानातल्या पाटीवर ते लिहिलेले नसते.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. पॅडल सुरू करून सहा महिने झाले असतील, तेव्हा मी एका दुकानातून ३७५ ग्रॅमांची, शंकरपाळी आकाराची, काळीभोर, कठीण पृष्ठभागाची एक रॅकेट घेतली; दुकानदाराने तिची शिफारस केली हे खरे, पण त्याला ‘मी जुना टेनिस खेळाडू आहे, मला चांगल्यातली चांगली दाखवा’ असे फर्मान मीच सोडले होते, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत मी असे दोन फटके मारले की शेजारच्या मैदानावरची मंडळी वळून पाहू लागली. त्या दोन फटक्यांची किंमत मी पुढे तीन महिने चुकवत होतो. सामना तासाभराचा झाला की शेवटच्या वीस मिनिटांत रॅकेट फावड्यासारखी जड होई, जाळ्याजवळ अंगावर येणारे चेंडू वेळेवर अडवता येत नसत, आणि एके दिवशी सकाळी चहाचा कप उचलताना उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ आली की कप पुन्हा खाली ठेवावा लागला. रॅकेट अजून घरी आहे. तिचा उपयोग आता माझा नातू भिंतीवरची पाल हुसकावण्यासाठी करतो, आणि त्या कामी तिची लांबी अपुरी पडते अशी त्याची तक्रार आहे.

आता पोटातल्या मालाविषयी. बहुतेक रॅकेटींच्या पोटात ईव्हीए नावाचे फेसाळ रबर असते. धावण्याच्या बुटांच्या तळव्यांत आपण जे दाबून पाहतो तेच, फक्त कमीअधिक दाट. बाहेरून काचतंतूंचे किंवा कार्बनतंतूंचे आवरण. मऊ पोट आणि काचतंतूंचे आवरण यांची रॅकेट हलक्या फटक्यालाही चेंडू दूर टाकते, कारण ती खाटेच्या नवारीसारखी आधी दबते आणि मग उसळते. कठीण पोट आणि कार्बनचे आवरण यांची रॅकेट दबत नाही. तिला दाबण्याइतका वेग मनगटात असलेल्यालाच तिच्याकडून परतफेड होते. येथे बहुतेकांची फसगत होते. कठीण रॅकेट म्हणजे जोराची रॅकेट ही समजूत अर्धीच खरी आहे: ज्याचा हात वेगवान आहे त्याच्यासाठी ती जोराची, आणि ज्याचा हात मध्यम आहे त्याच्यासाठी मऊ रॅकेटच अधिक जोराची. ज्याच्या गाठीला भांडवल आहे त्यालाच कर्ज देणाऱ्या पेढीसारखा हा व्यवहार आहे. तसेच रॅकेटीवर ३के, १२के, १८के असे जे आकडे छापलेले असतात ते वाचून आपल्या मंडळींना सराफाच्या पेढीवरचे कॅरट आठवतात आणि १८ हा आकडा पाहून हात आपोआप खिशाकडे जातो. वस्तुतः के म्हणजे हजार. कार्बनच्या एका जुडीत किती हजार धागे आहेत एवढेच तो आकडा सांगतो, आणि एवढ्यावरून रॅकेट जोराची की माफीची हे ठरत नाही.

आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे, कारण या रॅकेटींची परीक्षा माद्रिदच्या हिवाळ्यातही होते आणि आपण खेळतो चैत्र-वैशाखात. उष्णतेने पोटातले रबर आणखी मऊ होते आणि चेंडूतल्या हवेचा दाब वाढून तो अधिक उसळतो. म्हणजे जी रॅकेट डिसेंबरात बेतशीर मऊ वाटली तीच मे महिन्यात नागपूरच्या संध्याकाळी चेंडू काचेवर थेट आदळू लागते. यासाठी अगदी लोण्यासारखे मऊ पोट आपल्याकडे घेऊ नये. मध्यम मऊ घ्यावे. आणि कोणतीही रॅकेट उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत ठेवू नये. एका उन्हाळ्यात रबराचा जीव जातो, वरून रंग मात्र नवाच्या नवा.

या खेळातल्या फटक्यांची नावे ऐकली तरी त्यात जोराला कितपत मान आहे हे कळते. डोक्यावरून आलेल्या चेंडूवर सर्वांत जास्त वेळा जो फटका मारला जातो त्याचे नाव बांदेखा, म्हणजे तबक. हॉटेलातला वाढपी खांद्याशी तबक घेऊन जातो तसा हात ठेवून चेंडू कापत, मध्यम वेगाने, खोलवर टाकायचा आणि जाळ्याजवळची आपली जागा सोडायची नाही, एवढाच त्याचा हेतू. त्याचा तिखट भाऊ विबोरा. विबोरा म्हणजे विषारी साप, आपल्या कोकणातले फुरसे म्हणा ना. जाळ्याजवळ उभ्या असलेल्यांच्या पायांशी हळूच टाकायचा चेंडू तो चिकीता, म्हणजे चिमुकली. या तिन्ही फटक्यांत चेंडू नेमका लागणे हेच सर्वस्व आहे. जोराचा मान आहे तो एका फटक्याला: जाळ्याजवळ उंच आलेला चेंडू असा हाणायचा की तो टप्पा घेऊन, मागच्या काचेवर आपटून, उलट आपल्याच अंगणात परत यावा किंवा बाजूच्या तीन मीटरच्या जाळीवरून मैदानाबाहेर जावा. हे दृश्य फार देखणे असते. आर्तुरो कोएयो हा सहा फुटांहून उंच डावखुरा स्पॅनिश तरुण, जो आगुस्तिन तापियाच्या जोडीने २०२३ आणि २०२४ या वर्षांत अग्रस्थानी राहिला, तो असा फटका मारतो तेव्हा माझ्यासारख्यालाही क्षणभर ती काळी रॅकेट पुन्हा हातात घ्यावीशी वाटते. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या तरुणांपैकी निम्मे असलेच एखादे चलच्चित्र पाहून दुकानात गेलेले असतात. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की सामन्यात असा फटका मारण्याजोगा चेंडू वाट्याला येतो पाच-दहा वेळा, आणि इतर चेंडू येतात शेकडो. रॅकेट त्या शेकड्यांसाठी घ्यायची असते.

मग जोराची रॅकेट कोणी घेऊच नये काय? तसे मी म्हणत नाही. पॅडल चौघांचा खेळ आहे, आणि जोडीतल्या दोघांची कामे वेगळी असतात. दोघेही उजव्या हाताने खेळणारे असतील तर डाव्या अंगाला उभा राहणारा भिडू मधले उंच चेंडू आपल्या पुढच्या हाताने, म्हणजे फोरहँडने, मारतो आणि गुण वसूल करण्याची कामगिरी त्याच्याकडे असते. उजव्या अंगाचा भिडू धीराने चेंडू परतवत डाव रचतो. एखादा डावखुरा असेल तर ही वाटणी बदलू शकते. डाव्या अंगाला खेळणारा, तिशीच्या आतला, आठवड्यातून चार दिवस मैदानावर असणारा आणि खांदा-मनगट निरोगी असलेला खेळाडू थेंबाच्या आकाराची थोडी टोकजड रॅकेट घेईल तर मी हरकत घेणार नाही, आणि दोन वर्षांनी शंकरपाळ्याकडे वळला तरी घेणार नाही.

आणि माफीच्या रॅकेटीचाही एक दोष प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. फार उदार अधिकाऱ्याच्या हाताखालचे दप्तर जसे ढिले होते, तसे अतिशय मऊ आणि क्षमाशील रॅकेटीने खेळणाऱ्याला आपला चेंडू कोठे लागतो आहे याची जाणीवच होत नाही. सगळे फटके सारखेच बरे वाटतात, आणि पाच वर्षे खेळूनही हात आहे तेथेच राहतो. माझ्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई शिकायला येत, फार चिकाटीच्या. त्यांच्या हातातली अतिमऊ रॅकेट बदलून मी त्यांना गोलच, पण थोडी घट्ट पोटाची दिली, तेव्हा पहिले पंधरा दिवस त्या माझ्यावर रुष्ट होत्या. सोळाव्या दिवशी म्हणाल्या, ‘सर, आता मला चूक ऐकू येते.’ याहून चांगले वर्णन मला करता आले नसते.

आपल्याला किती माफीची गरज आहे हे ठरवण्याचा एक घरगुती उपाय सांगतो. शाळेतला पांढरा खडू बारीक कुटून त्याची पूड रॅकेटीच्या दोन्ही तोंडांवर कापसाने हलकेच पुसा आणि वीस-पंचवीस चेंडू नेहमीसारखे खेळा. जेथे जेथे चेंडू लागला तेथे पूड उडून डाग दिसेल. ते सारे डाग वाटीच्या तोंडाएवढ्या वर्तुळात आले तर आपण जोराचा विचार करण्यास पात्र आहात. डाग रॅकेटभर नक्षत्रांसारखे पसरले असतील तर गोल रॅकेट घ्या आणि वाईट वाटून घेऊ नका; पहिल्या खेपेला माझे डाग कडेच्या चौकटीवरही सापडले होते. ही परीक्षा मात्र ताजेतवाने असताना करू नये. दोन डाव खेळून दमल्यावर करावी, कारण सामने त्याच अवस्थेत हातचे जातात.

दुकानात गेल्यावर वजन विचारा. बाजारातल्या रॅकेटी साधारणपणे ३४० ते ३९० ग्रॅमांच्या दरम्यान असतात. नवख्या पुरुषाने ३५५ ते ३६५, आणि स्त्रियांनी व किशोरवयीन मुलांनी ३४० ते ३५५ च्या आसपास राहावे. परंतु केवळ एकूण वजन विचारून परत येऊ नका. रॅकेट आडवी करून एका बोटावर तोलून धरा आणि मुठीच्या बुडापासून ती कितव्या सेंटिमीटरवर तोल धरते ते पाहा. २५ च्या जवळपास असेल तर ती हाताशी नम्र आहे, २७ च्या जवळ गेली तर तिचे डोके जड आहे. ३५० ग्रॅमांची टोकजड रॅकेट ३७० ग्रॅमांच्या मूठजड रॅकेटीपेक्षा अधिक थकवते, हे दुकानातल्या तराजूला कळत नाही. शक्य असेल तेथे मैदानावर भाड्याने मिळणाऱ्या किंवा मित्रमंडळींच्या रॅकेटी मागून घेऊन निदान तीन वेगवेगळ्या संध्याकाळी पूर्ण सामने खेळून पाहावे. किमतीवर जाऊ नये. सर्वांत महाग रॅकेटी पुष्कळदा कठीण आणि जोराच्याच असतात. त्या महाग आहेत म्हणून आपल्याला चांगल्या, असा निष्कर्ष काढणे म्हणजे पैलवानाचा लंगोट महाग मिळाला म्हणून तो नेसून आखाड्यात उतरणे होय.

रॅकेट घेतल्यावर तिच्यात थोडी दुरुस्तीही करता येते. मुठीवर आणखी एक पट्टी गुंडाळली की पाचेक ग्रॅम वजन हाताकडे वाढते आणि डोके तेवढे हलके भासते. घड्याळाच्या तबकडीवर जेथे तीन आणि नऊ असतात तेथे, म्हणजे रॅकेटीच्या दोन बगलांना, दोन-दोन ग्रॅमांची जड पट्टी चिकटवली की ती मुठीत कमी वळते. हीच ती हॉवर्ड हेडची युक्ती, छोट्या प्रमाणावर. तीच पट्टी बाराच्या जागी चिकटवली तर जोर वाढतो आणि कोपराची परीक्षा सुरू होते. ज्यांच्या कोपराने पूर्वी कधी कुरकुर केली आहे त्यांनी बाराच्या जागेकडे फिरकू नये, मऊ आवरणाची गोल रॅकेट वापरावी, आणि दुखणे आठवडाभर टिकले तर रॅकेट बदलण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

मला दिलेली वेळ संपत आली. निवाडा विचारलात तर तो असा: खेळायला लागून दोन वर्षे होईपर्यंत गोल किंवा थेंबाच्या आकाराची, मध्यम मऊ पोटाची, काचतंतूंच्या आवरणाची रॅकेट घ्यावी, आणि चाळिशीनंतर खेळ सुरू करणाऱ्याने ती पुढेही बदलण्याची घाई करू नये. शेवटी एक सूचना. प्रत्येक रॅकेटीच्या बुडाशी एक दोरी असते आणि पुष्कळ जण ती लोंबकळती सोडून खेळतात. ती मनगटात अडकवून खेळणे नियमाने सक्तीचे आहे. जोडीदार आपल्या जवळच उभा असतो आणि आपल्या दमट हवेत घामाने मूठ सुटते. तेव्हा रॅकेट जोराची घ्या किंवा माफीची, पण मैदानात पाय टाकण्यापूर्वी ती दोरी मनगटात घाला.